पांढरा दोरा, दोन गाठी

१३ जानेवारी, सोमवार

केयूरभाईंनी आज नवं खूळ काढलं. ते आमच्या बडोद्याच्या डिझाइन कॉलेजात विभागप्रमुख झाल्यापासून दर सत्राला एक निघतंच. म्हणाले, "कांचनबेन, कोणत्या विद्यार्थ्याला काय सूचना दिल्या ते रोज रजिस्टरात लिहायचं. गेल्या वर्षी तक्रार आली होती ने, की मॅडम बोलूच देत नाहीत."

लिहीन म्हटलं. तिथे लिहिण्यासारखं तिथे लिहीन, 'अक्षरांमधील अंतर तपासावे' वगैरे. खरं काय वाटतं ते या वहीत.

शेवटच्या वर्षाची आठ मुलं माझ्याकडे आहेत. प्रत्येकाने एक प्रकल्प पूर्ण करायचा, एप्रिलमध्ये बाहेरचा परीक्षक येणार, त्यात नापास झाला तर सत्र पुन्हा. केयूरभाईंना यंदा एकाचं तरी काम खरोखर बाजारात गेलेलं हवंय. ध्रुव तलाव वाचवा म्हणून पोस्टर करतोय. तळहातावर पृथ्वी. हात कोणाचा, हे त्यालाही सांगता आलं नाही. सानवीच्या कॅफेच्या बोधचिन्हात कप आहे, कपातून वाफ, आणि वाफेचं हृदय. वीस वर्षांत मी ही वाफ किमान पंचवीस वेळा पाहिली असेल.

दुर्गा नावाची एक आहे, शहराबाहेरच्या छाणीहून येते. वडील कारखान्यात फिटर, आई घरी भाजण्या दळून विकते. आईच्या मालाची पाकिटं करणार म्हणाली. निदान हिच्याकडे वाफ नाही.

२० जानेवारी, सोमवार

पहिलं क्रिट, म्हणजे सगळ्या वर्गासमोर कामाची चिरफाड. माझा नियम जुना आहे आणि तो बदलणार नाही. काम भिंतीवर लागलं की करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. दुकानातल्या फळीवरचं पाकीट समजावून सांगायला डिझायनर शेजारी उभा राहत नाही. पाकिटाने स्वतः बोलावं.

दुर्गाचं पाकीट बोलत नव्हतं, कलकलाट करत होतं. साधी पारदर्शक पिशवी, वर आईच्या अक्षराची चिठ्ठी, ती झेरॉक्स केलेली. पिशवीचं तोंड शिवणाच्या दोऱ्याने बांधलेलं. चार पिशव्या, चार रंगांचे दोरे, लाल, पांढरा, पिवळा, हिरवा. पांढऱ्याला एक गाठ पुरली नसावी, दोन मारल्या होत्या. जत्रेतल्या स्टॉलवर शोभलं असतं.

मी टेबलावरची कात्री घेतली आणि चारही दोरे कापले. मुलं हसली. म्हटलं, "आता सुरुवात करू. हस्ताक्षर म्हणजे डिझाइन नाही, आणि दोरा म्हणजे तर नाहीच."

दुर्गाने हात वर केला. "मॅडम, दोऱ्याचं एक सांगू?"

"नाही."

तिने हात खाली घेतला. मुलगी शिस्तीची आहे. सगळं झाल्यावर टेबलाखालून चारही दोरे वेचून घेतले, हे मात्र मला थोडं नाटकी वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

क्रिटला आणलेली पाकिटं दुर्गाने माझ्याकडेच ठेवली. दोन घरी आणली, थालीपीठाची भाजणी आणि उपवासाची. सासूबाईंनी चव घेतली आणि दोन दिवस दुसरा विषय नाही. "कांचन, हिने राजगिरा नीट भाजलाय गं. हल्ली कोणी भाजत नाही." सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला त्या नाही म्हणतात.

छाणीला फोन करून आणखी मागवली. माल आला तो दोऱ्यांसकट. काल संध्याकाळी पाहते तर सासूबाईंनी डब्यांच्या कानांना ते दोरे बांधलेले, एका डब्याला लाल, एकाला पांढरा. माझं स्वयंपाकघर मी हौसेने केलंय. सगळे डबे एकसारखे, पांढरे. त्यावर हे गंडेदोरे. रात्री त्या झोपल्यावर काढून टाकले. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरं क्रिट. दुर्गाने कागदी पाकीट आणलं, बरं आहे. पण चार रंग तसेच, लेबलाच्या कडेने जाड पट्टे. दोरा आता छापील झाला एवढंच. आणि उपवासाच्या पाकिटाच्या कोपऱ्यात दोन ठळक टिंबं, कसला ना कसला फुगीर रंग लावून बोटाला लागतील अशी केलेली.

मी ट्रेसिंग पेपर घातला आणि लाल पेन्सिलीने वरच्या वर मांडणी बदलून दाखवली. चार पाकिटं एका घरची दिसली पाहिजेत. एकच फिका बदामी रंग, एकच बारीक अक्षर, मध्ये भरपूर मोकळी जागा. टिंबांवर फुली मारली. "ही कशाला? माशी बसल्यासारखी?"

ध्रुव मोठ्याने हसला. पृथ्वी तळहातावर घेऊन फिरणाऱ्याने खरं तर हसू नये.

नंतर दुर्गा व्हरांड्यात थांबली होती. "मॅडम, आता बोलू? क्रिट तो संपलं ना?"

"कामाला बोलू दे," मी म्हटलं आणि पार्किंगकडे गेले. हे वाक्य मला माझ्या सरांनी ऐकवलं होतं. तेव्हा मी रडले होते. हिचे डोळे कोरडे होते, म्हणजे हिला लागलं नसावं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बदामी आलं. फार सुरेख आलं. 'भाजणी' हा शब्द मध्यभागी, त्याखाली बारीक राखाडी अक्षरात प्रकार. चारही पाकिटं ओळीने ठेवली तर एका आईच्या चार मुली. मी अशी पाकिटं पंचविशीत करत होते, तेव्हा बडोद्यात ती समजणारं गिऱ्हाईक नव्हतं.

टिंबं पुन्हा आली आहेत. आता बदामीवर बदामी, दिसत नाहीत, बोट फिरवलं तर कळतात. चिवट आहे मुलगी. मी पुन्हा फुली मारली. माझे सगळे ट्रेसिंग पेपर ती तारीख घालून फाइलला लावते असं सानवी म्हणाली. चला, कोणीतरी जपून ठेवतंय.

१ मार्च, शनिवार

केयूरभाईंनी दुर्गाचा प्रकल्प निवडला. पाकिटं खरोखर छापायची. म्हणून आज छाणीला जाऊन तिच्या आईला भेटले.

दोन खोल्या, पुढची पिठाची. खुर्चीवरून धोतर उचलून मला जागा केली. मंदाताई माझ्याच वयाच्या असतील, दिसतात मोठ्या. वरीला मोरैयोच म्हणतात, आणि चहात आलं इतकं की खोकला लागला. भिंतीला खिळे, खिळ्यांना दोऱ्यांची रिळं. मी नमुने मांडले. त्यांनी हात पुसून एक पाकीट उचललं, मग दुसरं. दोन्ही पाकिटं डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"छान आहे. लग्नाच्या पत्रिकेसारखं."

"आवडलं ना?"

"हा ने. पण मॅडम, माझी बरीच गिऱ्हाइकं म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांना…"

"मम्मी," दुर्गा म्हणाली, "मॅडमनी पुष्कळ मेहनत घेतलीय."

मंदाताई लेकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकवता तर बरोबरच असणार. हिचं वर्ष नीट पार पडलं म्हणजे झालं. आमच्यात इथपर्यंत शिकलेली ही पहिलीच."

निघताना सासूबाईंसाठी पाव किलो मेतकूट दिलं. पिवळा दोरा बांधून. सवय जात नाही माणसांची.

११ मार्च, मंगळवार

छापून आली. केयूरभाईंनी फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकले. पाचशे पाकिटं मंदाताईंकडे गेली. सासूबाईंसाठी दोन भरलेली दुर्गाने आणून दिली, एक थालीपीठाचं, एक उपवासाचं. इतकी देखणी की डब्यात रिकामी करवेना. तशीच फळीवर ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "यांना दोरा नाही?"

"आता गरज नाही, आई."

१७ मार्च, सोमवार

संकष्टी. मला नऊला निघायचं होतं, नवरा, श्रीकृष्ण, कामासाठी दहेजला, त्यामुळे सगळं एकटीवर. घाईत पाकीट फोडलं, काकडी किसून घातली, सासूबाईंची दोन थालीपीठं लावली आणि झाकून ठेवली.

अकराला त्यांचा फोन. त्या मला कॉलेजात कधी फोन करत नाहीत.

"कांचन, यात धणे आहेत गं."

"नसतील, आई. उपवासाचं आहे."

"अर्धं खाल्लं मी. मग जिभेला कळलं. धणे आहेत. गहू पण असेल."

मी काहीतरी बोलले, चालतं हो, नकळत झालं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकही संकष्टी न मोडता एक्कावन्न वर्षं झाली असती या वेळेला." आणि फोन ठेवला.

घरी आले तर त्या देवासमोर बसलेल्या. दिवसभर पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. मी सांगितलं, "छाणीच्या बाईंनी भरताना घोळ केलाय. ही घरगुती माणसं, काही पद्धत नाही त्यांच्याकडे." सासूबाई म्हणाल्या, "तिच्याकडून होईल असं वाटलं नव्हतं." चंद्रोदयानंतर दोन घास जेवल्या.

फोडलेलं पाकीट सकाळीच कचऱ्यात गेलं. नाहीतर मंदाताईंच्या समोर ठेवलं असतं.

१८ मार्च, मंगळवार

मंदाताईंना फोन केला. आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. खाण्याचा धंदा आहे, कोणाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, वगैरे.

त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनच झालं असेल, मॅडम. आईंची माफी मागते मी, सांगा त्यांना." मग थांबून, "कालपासून अजून तिघींचे फोन आले. एक तुमच्या फतेगंजच्याच आहेत. बारा वर्षं घेत होत्या माझ्याकडून. आता नको म्हणाल्या."

म्हणजे बघा. एकदा नाही, चारदा. मी म्हणत होते तेच, पद्धत नाही.

दुर्गा आज आली नाही.

१९ मार्च, बुधवार

दुसरं पाकीट अजून फळीवर आहे, न फोडलेलं. आज उचलून बघितलं. चष्मा लावल्यावर वाचता आलं: 'उपवास'. म्हणजे मंदाताईंनी दोन्ही पाकिटांत माल उलटा भरला. यात थालीपीठाची भाजणी असणार. फोडून वास घेतला की लगेच कळेल.

फोडलं नाही. उगाच वाया जायला नको.

२४ मार्च, सोमवार

दुर्गा आली. बारीक झाल्यासारखी वाटली. मी तिला आईबद्दल काही बोलले नाही, तेवढं मला कळतं. फक्त प्रकाराच्या नावाचं अक्षर मोठं, सातऐवजी नऊ पॉइंटाचं करायला सांगितलं. कोणी म्हणायला नको की मी ऐकत नाही.

ती म्हणाली, "चालेल, मॅडम."

पूर्वी ती हात वर करून विचारायची, बोलू का. आज सगळ्या तासात एकदाही केला नाही. वर्ग छान शांत होता. घरी येईपर्यंत मला ती शांतता खटकत राहिली, का ते कळलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

परीक्षा. बाहेरचा परीक्षक म्हणून हेरंबला बोलावलं होतं. माझ्याबरोबर शिकलेला. तेव्हा याला सरळ रेघ मारता यायची नाही. आता अहमदाबादला औषधांची खोकी करतो, कुर्त्याला लाकडी बटणं लावतो आणि मुलांना 'दोस्त' म्हणतो.

ध्रुवला तो म्हणाला, "दोस्त, हात घरी ठेव." तेवढ्यापुरता आवडला.

दुर्गाच्या टेबलापाशी तो बराच वेळ थांबला. मग दोन पाकिटं उचलली, पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि हात लांब करून धरली.

"यातलं उपवासाचं कोणतं?"

केयूरभाई म्हणाले, "डावं." सानवी म्हणाली, उजवं. मग हेरंबने माझ्याकडे पाहिलं. "कांचन?"

चष्मा पर्समध्ये होता. मी म्हटलं, "डावं."

उजवं होतं.

"त्यावर लिहिलंय की," मी म्हटलं, "नऊ पॉइंटात. माणसाने हातात घेऊन वाचलं तर…"

"तुझाच ना तो नियम? पाकीट बोलेल, आपण गप्प." तो हसला. मुलंही हसली. याच मुलांना मी जानेवारीत हसवलं होतं. मग तो दुर्गाला म्हणाला, "आता तू बोल, दोस्त. हे असं का झालं?"

दुर्गाने हेरंबकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी. तिच्या डाव्या हातात ती फाइल होती, माझ्या लाल फुल्यांनी भरलेली, तारखा घातलेली. उघडली असती तर दोन मिनिटांत माझं सगळं बाहेर आलं असतं.

मी म्हटलं, "बोल."

तिने फाइल उघडली नाही. म्हणाली, "सर, आमच्याकडच्या आज्या माल डब्यात काढतात आणि पाकीट टाकून देतात. लेबल त्यांच्याबरोबर राहतच नाही. म्हणून मम्मी दोरा बांधते. त्या दोरा सोडून डब्याला बांधतात. लाल थालीपीठाचा, पांढरा उपवासाचा. पांढऱ्याला दोन गाठी, कारण काहीजणींना रंग दिसत नाही. बोटाला दोन लागल्या की उपवासाचं." मग म्हणाली, "हे मला पाकिटात आणता आलं नाही."

मला, म्हणाली.

हेरंबने निकाल राखून ठेवला. वीस तारखेपर्यंत पुन्हा काम दाखवायचं. नाहीतर सत्र गेलं.

जाताना मला म्हणाला, "पोरगी चांगली आहे गं. आपल्या सरांपुढे मी असा उभा राहिलो नसतो." बटणंवाला मला शहाणपण शिकवतो.

८ एप्रिल, मंगळवार

रजिस्टरात कालच्या तारखेला काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'अक्षरांमधील अंतर तपासावे.'

१२ एप्रिल, शनिवार

दुर्गाला सुटीच्या दिवशी बोलावलं. ट्रेसिंग पेपर घेतला नाही. पेन्सिल घेतली होती, ती पर्समध्येच राहिली. म्हटलं, "तू बोल."

ती फाइलचे कागद सारखे करत बसली. बोलायची सवय मीच मोडली होती. मग हळूहळू सुरू झाली. बदामी पाकीट तिला ठेवायचंय, ते तिला आवडतं, असं म्हणाली. मला वाटलं दयेने म्हणते. पण नाही, मोकळ्या जागेमुळे आईचा माल महाग दिसतो, लोक भावावरून उलटसुलट बोलत नाहीत म्हणे. फक्त वरच्या घडीला दोन भोकं पाडायची आणि त्यातून दोरा ओवायचा. नावं मोठी, लांबून वाचता येतील अशी. पाकिटावरच दोऱ्याचा रंग आणि 'हा दोरा डब्याला बांधा'.

मी तिच्यासमोर एक भोक पाडून पाहिलं. कागद फाटला.

"मॅडम, आतून पट्टी लावावी लागेल," ती म्हणाली. "दुहेरी करून."

तिने लावली. फाटला नाही. दोरा मात्र तिरका लोंबत होता. मी काही बोलले नाही. हे मला किती कठीण गेलं ते रजिस्टरात लिहिता येणार नाही.

१६ एप्रिल, बुधवार

संकष्टी. काल छाणीहून नवीन पाकीट आलं. मंदाताईंनी स्वतः आणलं, दारातूनच दिलं, आत या म्हटलं तर "रिक्षा उभी आहे." मी म्हणणार होते की मागच्या महिन्यात फोनवर मी जे बोलले ते… तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आईंना सांगा, पांढरा दोरा आहे." आणि जिना उतरल्या. फतेगंजच्या त्या बाई परत आल्या का, हे विचारायचं राहिलं.

सकाळी आधी फळीवरचं जुनं पाकीट काढलं. कात्रीने कापलं आणि वास घेतला. राजगिरा. धण्याचा मागमूस नाही. महिनाभर ते तिथेच होतं, माझ्या डोळ्यांसमोर, बरोबर भरलेलं.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी नवीन पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लेबल बघितलंच नाही. अंगठ्याने दोरा चाचपला, एक गाठ, दुसरी गाठ.

"आलं का हिचं ठिकाणावर? बरं झालं. गेल्या वेळी चुकली होती बिचारी."

मी तवा पुसत होते. म्हटलं, "त्या नव्हत्या चुकल्या, आई. पाकीट चुकलं होतं."

"पाकीट?" त्या म्हणाल्या. "पाकीट कोणी केलं?"

तवा तापला होता. मी पीठ डब्यात काढलं. दोरा सोडवला आणि डब्याच्या कानाला बांधायला घेतला. माझी पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा ओढून बांधली, मग तिच्यावर आणखी एक. पांढऱ्या डब्यावर ते ओबडधोबड गाठोडं अतिशय वाईट दिसत होतं.

सासूबाईंनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"मी केलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही गाठी मोजल्या. मग म्हणाल्या, "थालीपीठ लाव. आणि तुझ्यासाठीही एक लाव."